वरच्यांकडचं जेवण

१

माओमाओ पक्ष्याएवढा भांडखोर जीव साव्हाई बेटावर दुसरा नसेल. रंग जळक्या लाकडाचा, चोच लांब आणि वाकडी, आवाज भुकेल्या मांजरीचा. आपल्या हद्दीत दुसऱ्या माओमाओचा आवाज आला की चोचीतला किडा टाकून हा भांडायला हजर. पेसामिनो आणि मोएलांगी या नवरा-बायकोचं पोट त्याच्या या स्वभावावरच चालत होतं.

त्यांचं घर गावाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथं अळूचे मळे संपतात आणि डोंगराचं रान सुरू होतं तिथं. पहाटे निघून डोंगराच्या धारेवर जायचं, झाडाला छोटा स्पीकर टांगायचा, माओमाओचा आवाज वाजवायचा, थांबायचं, ऐकायचं. मग पुन्हा. तीनदा, त्याहून जास्त नाही. जास्त वाजवलं तर वेडा पक्षी दिवसभर नसलेला वैरी शोधत बसतो आणि घरट्यातलं एकुलतं एक पिल्लू उपाशी राहतं. पक्षी आला तर शहरातल्या, पक्ष्यांची मोजदाद ठेवणाऱ्या ऑफिसला कळवायचं, नाही आला तरी कळवायचं. वादळानं जुनी झाडं पाडली होती, उरलेल्यांना वेलींनी गिळलं होतं, अंडी उंदरांनी खाल्ली होती. अख्ख्या धारेवर माओमाओच्या मोजक्या जोड्या उरल्या होत्या, आणि प्रत्येक जोडीला पेसामिनो शेजाऱ्यासारखा ओळखत होता.

स्पीकरमधला आवाज त्यानंच कधीतरी पकडलेला. त्याच्या शेवटी तो स्वतःच खोकला होता, आणि तो खोकलाही आवाजाबरोबर कायमचा राहिला. ऑफिसातली मंडळी म्हणायची, "पेसामिनो, तुमचा पक्षी विड्या फार ओढतो." पण पक्ष्यांना त्या खोकल्याचं काही वाटायचं नाही. खोकल्यासकट तो वैरीच.

त्या दिवशी मोएलांगीचा गुडघा फारच दुखत होता. धारेच्या अलीकडे नेच्याच्या मोठ्या झाडाखाली ती टेकली.

"बस इथंच, म्हातारे," पेसामिनो म्हणाला. "मी भांडण लावून येतो."

"म्हातारी असेल तुझी सासू."

"तीच म्हणाली होती, पोरीचे गुडघे तपासून घे म्हणून. मीच मेलो भोळा."

तो हसत पुढं गेला. थोड्या वेळानं स्पीकर वाजला, म्याँव, आणि खोकला. शांतता. पुन्हा म्याँव, खोकला. तिसऱ्यांदाही पक्षी आला नाही. मोएलांगी कान देऊन बसली होती. आणि मग धारेच्या पलीकडून, जिथं जुन्या ज्वालामुखीचा खोल खड्डा आणि नुसतं रान आहे तिथून, एका बाईचा स्वच्छ आवाज आला.

"या जेवायला!"

पाठोपाठ टक् असा आवाज. करवंटी दगडावर टेकवावी तसा.

आता हे खरं, की आमच्याकडे घरांना भिंती नसतात. जेवायला बसलेल्या माणसाला रस्त्यावरून जाणारा दिसतोच, आणि दिसला की 'या जेवायला' म्हणावंच लागतं. न म्हणणारा हलकट. जाणाऱ्यानं 'जेवा, जेवा तुम्ही, येतो परत' म्हणायचं आणि पुढं चालू लागायचं. खरोखर येऊन बसणारा त्याहून हलकट. ही हाक इतकी अंगवळणी पडलेली असते की झोपेतसुद्धा माणूस तिला उत्तर देईल.

पेसामिनोनंही दिलं. "जेवा, जेवा तुम्ही! येतो परत!" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता हसला. हसताना त्याचा आवाज नेहमी शेवटी जरासा चिरकायचा, तसाच चिरकला.

तो परत आला तेव्हा मोएलांगीनं विचारलं, "कोण रे ती?"

"काय माहीत. रानडुकरांच्या मागं आलेलं कुणीतरी असेल. चूल पेटवलेली दिसतेय, धुराचा वास येतोय."

वास तिलाही येत होता. तापल्या दगडांचा, नारळाच्या दुधाचा. उतरताना अर्ध्या वाटेवर तिच्या मनात आलं, की डुकरांच्या मागं बायका कधी जात नाहीत.

२

दुपारी तिनं ताट वाढलं. अळूचे भाजलेले कंद, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, डब्यातला मासा. पेसामिनो दोन माणसांचं खाणारा माणूस. त्याचं पोट म्हणजे गावात थट्टेचा विषय होता. त्यानं एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"पोट भरल्यासारखं वाटतंय."

"कशानं? वाऱ्यानं?"

"खरंच गं. तुडुंब झालंय."

तिनं मनाशी उत्तरं जुळवून पाहिली. पित्त असेल. काल अंत्यविधीच्या जेवणात डुकराचं मांस जास्त झालं असेल. आणि ती हाक म्हणजे खालच्या गावातलीच, दरीतून फिरून वर आलेली. आवाज डोंगरात कुठून कुठं जातात, हे त्या दोघांपेक्षा चांगलं कुणाला ठाऊक होतं? शिवाय कुणाचा तरी रेडिओही असू शकतो. एवढी सगळी उत्तरं हाताशी असताना घाबरायचं कारण नव्हतं. ती घाबरली नाही. फक्त उरलेलं ताट डुकरांना घालताना तिचं लक्ष डोंगराकडे होतं.

३

गुडघा सुजला, म्हणून पुढचे काही दिवस पेसामिनो एकटाच वर गेला. पूर्वी भुकेनं कावलेला, घराच्या अलीकडूनच ओरडत यायचा. आता शांतपणे यायचा, हात धुवायचा आणि चटईवर आडवा व्हायचा.

"ताट वाढू?"

"जेवून आलोय."

"कुणाकडे?"

"वरच्यांकडे."

"वरचे कोण?"

त्यानं नुसत्या भुवया उडवल्या, तुला माहीत नाही का, असं म्हणावं तशा.

"अरे, नाव काय त्यांचं?"

"जेवताना कुणी नाव विचारतं का, मोए? येतो म्हणालो होतो, म्हणून गेलो. चांगली माणसं आहेत. फार आग्रह करतात."

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला पुढं विचारताच येईना. पण डोळे तर बंद करता येत नाहीत. रोज भरपेट जेवून येणाऱ्या माणसाच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. कमरेला गुंडाळलेल्या लावालावाची गाठ तो दर दिवशी थोडी आणखी आवळून मारत होता. झोपेत त्याच्या तोंडाला ओल्या मातीचा वास यायचा. एकदा तो जांभई देताना तिला दातांच्या फटीत काहीतरी हिरवं दिसलं. अळूचं पान असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसरं काय असणार?

शेवटी तिनं आपोलोनियाला बोलावलं. आपोलोनिया म्हणजे पेसामिनोची थोरली बहीण, जिभेनं तिखट आणि मनानं त्याहून तिखट. आमच्याकडे भाऊ एक वेळ देवाचं ऐकणार नाही, बहिणीचं ऐकतो. तिच्यासमोर थट्टा करत नाही, मोठ्यानं बोलत नाही, ताटातला चांगला तुकडा आधी तिला देतो.

आपोलोनिया खांबाला टेकून बसली आणि भावाला आपादमस्तक न्याहाळलं.

"त्या हाकेला तू काय उत्तर दिलंस?"

"सगळे देतात तेच, ताई. येतो परत."

"म्हणतात सगळेच. जातं का कुणी?"

तो मान खाली घालून चटईची काडी सोलत राहिला.

"धारेपलीकडे कुणाचा मळा नाही, घर नाही. आपल्या आजोबांच्या वेळेपासून नाही. उद्यापासून तू वर पाय ठेवायचा नाहीस. माझा शब्द आहे."

"हो, ताई."

मोएलांगीचा जीव भांड्यात पडला. विषय मिटला होता. बहिणीचा शब्द ओलांडलेला भाऊ तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सकाळी ती उठली तेव्हा शेजारची चटई गार होती आणि खुंटीवर स्पीकर नव्हता.

४

ती काठी टेकत वर निघाली. धुकं इतकं उतरलं होतं की झाडं जवळ गेल्यावरच झाडं व्हायची. शेवाळ्यातून पाणी गळत होतं. नेच्याच्या झाडापाशी तिनं श्वास घ्यायला थांबून कान दिला.

"या जेवायला!" टक्.

तीच बाई. मोएलांगी जागची हलली नाही, ऐकत राहिली. ऐकणं हाच तिचा धंदा होता.

"या जेवायला!" टक्.

दोन हाकांमधली शांतता तिच्या ओळखीची होती. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो तेव्हा आवाज थोडा चढतो, नाहीतर वैतागतो. ही हाक चढत नव्हती, वैतागत नव्हती. 'जेवायला'मधला हेल तोच, शेवटची करवंटी तीच, आणि मध्ये तेवढंच थांबणं. कोण येतंय ते बघायला थांबतात, तेवढं.

"या जेवायला!" टक्.

त्यानंतर काही नाही. तीनदा झालं होतं.

त्यांच्या स्पीकरमध्ये असला आवाज कुठला असायला? तो तर पुढच्याच फांदीवर टांगलेला होता, बंद. त्याच्या वर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, एक माओमाओ बसला होता. त्याच्याच हद्दीत कुणीतरी बोलत होतं आणि तो भांडायला गेला नव्हता. पंख अंगाशी घट्ट ओढून, मान आखडून तो खड्ड्याच्या बाजूला बघत बसला होता. इतका गप्प माओमाओ तिनं कधी पाहिला नव्हता.

"मिनो!" तिनं हाक मारली. आवाज धुक्यातच विरला.

धुकं जरा हललं. खाली उतारावर थोडी सपाट जागा होती आणि तिथं पेसामिनो बसला होता. मांडी घालून, पाठ ताठ, पाहुणा बसतो तसा. पुढ्यात केळीचं पान. तो बोटांनी लहान लहान घास उचलून खात होता, आणि मधूनच आदरानं मान लववून काहीतरी म्हणत होता. बहुतेक 'पुरे, पुरे.'

पाहुणा जेवताना यजमानीण शेजारी बसून पंख्यानं माशा वारते. इथंही कुणीतरी वारत होतं. विणलेला पंखा तिला स्पष्ट दिसला. पानावरून सावकाश जात होता, येत होता. पण तो धरलेलं मनगट फार वर होतं. बसलेल्या माणसाचं असतं त्याहून वर, उभ्या माणसाचं असतं त्याहूनही वर. मनगटाच्या पुढं काय होतं ते धुक्यात होतं, आणि ते खाली वाकायला लागलं होतं.

तिनं काठी टाकली आणि धावली. किती वेळा पडली ते तिला नंतर आठवलं नाही. ती तिथं पोचली तेव्हा शेवाळावर कुणीतरी बसल्याचा दाबलेला ठसा होता आणि केळीचं पान होतं. एवढ्या उंचीवर केळ येत नाही. पानावर ओल्या शेवाळाचा नीट रचलेला ढीग होता, अर्धा खाल्लेला.

५

गावातली सगळी जवान माणसं कुत्री घेऊन वर गेली. कुत्री धारेवर बसून राहिली. कुणी लाथा घातल्या तरी उठेनात. माणसांनी खड्ड्याच्या कडेपर्यंत शोधलं आणि हात हलवत परत आली. जुन्या लाव्हाची भोकं आहेत तिथं, गवतानं झाकलेली, त्यातल्या एखाद्यात पाय गेला असेल, असं ठरलं. पाद्रीबुवांनी प्रार्थना केली. मोएलांगीनं जे पाहिलं ते फक्त आपोलोनियाला सांगितलं.

आपोलोनियानं आधी रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. पोरं उद्या मुद्दाम बघायला जातील."

"ताई, मी त्याला परत आणणार."

"ते कसं?"

"आम्ही पक्ष्याला आणतो तसं. त्याला ओळखीचा आवाज ऐकू आला पाहिजे. तिनं हाक मारून नेला, मी हाक मारून आणीन. माझं ताट, माझा आवाज, आमचं घर. तो काय तिला विसरणार नाही आणि मला विसरेल?"

"अगं बाई, जिनं नेला तिलाही कान असतील ना."

"असू देत. मला माझा नवरा पाहिजे."

ती हे इतक्या जोरात म्हणाली की आपोलोनियाला नाही म्हणवेना. तिचाही तो भाऊच होता. डोळे पुसत ती म्हणाली, "हाक मार. पण ओट्यावरून खाली उतरायचं नाही. काही झालं तरी नाही. शपथ घे माझी." मोएलांगीनं शपथ घेतली.

मग दर संध्याकाळी ती दोन ताटं वाढायची, रानाच्या बाजूची झावळ्यांची झाप वर गुंडाळायची आणि हाक मारायची. तीनदा. त्याहून जास्त नाही. रानातून काही उत्तर यायचं नाही. ताट झाकून ठेवायची, सकाळी डुकरांना घालायची. खायची मात्र ती एकटीच, आणि तिलाही आता दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायला लागलं होतं.

६

त्या संध्याकाळी खाली गावात गॅसच्या रिकाम्या टाकीवर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. प्रार्थनेची वेळ. या वेळी रस्त्यावर कुणी नसतं, जो तो आपापल्या घरात बसलेला असतो. घराघरांतून भजनाचे सूर उठले आणि थांबले. रान काळंनिळं झालं होतं. कुठंतरी एक माओमाओ दोनदा म्याँव करून गप्प बसला.

मोएलांगीनं अळूची पानं त्याला आवडतात तशी दाट नारळाच्या दुधात केली होती. झाप वर केली.

"मिनो, ये रे जेवायला!"

उत्तर आलं. फार लांबून नाही. तिच्याच अळूच्या मळ्याच्या वरच्या टोकावरून.

"जेवा, जेवा तुम्ही! येतो परत!"

आवाज त्याचा होता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती उठून उभी राहिली. उभी राहिली आणि मग तो शब्द तिला लागला. तुम्ही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं, कडकडून भांडतानासुद्धा नाही. परक्या घरावरून जाणारा म्हणतो तसं तो आपल्याच घराला, आपल्याच ताटाला म्हणत होता.

पाठोपाठ तो हसला. शेवटी आवाज जरासा चिरकला.

टक्.

ती खांबाला धरून उभी राहिली. हे उत्तर तिनं आधी ऐकलं होतं. हाच हेल, हेच हसणं, हेच चिरकणं, नेच्याच्या झाडाखाली बसून, त्या सकाळी. तेव्हा त्यात करवंटी नव्हती एवढंच.

मळ्याच्या टोकाला शांतता होती. ती किती लांबणार, हे तिला पाठ होतं.

"जेवा, जेवा तुम्ही! येतो परत!" हसणं. चिरकणं. टक्.

हा तो नव्हे, तिनं स्वतःला बजावलं. आवाज टांगलाय कुणीतरी. आता बघत थांबलंय, कोण येतंय ते. आयुष्यभर जे केलं तेच आपल्यावर चाललंय, आणि आपण बाईमाणूस आहोत, माओमाओ नाही. आपल्याला कळतं.

आणि तिला त्या पक्ष्याची आठवण झाली. वर्षानुवर्षं तिनं त्याला वेडा म्हटलं होतं. खोकल्यासकट आवाजाला फसतो म्हणून हसली होती. तो फसत नसेल. खोकला त्यालाही ऐकू येत असेल. सगळं कळत असेल, आणि तरी येत असेल, कारण एवढ्या मोठ्या रानात ओळखीचा दुसरा आवाजच उरला नसेल.

तिसऱ्यांदा पेसामिनो हसला तेव्हा ती अळूच्या मळ्याच्या मध्यावर होती, आणि तिचा गुडघा अजिबात दुखत नव्हता.